कॉम्प्लेक्स तयार झालं. पण उत्प्रेरक तेच आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापुरातून अकार्बनी रसायनशास्त्रात एमएस्सी झालं, आता पीएचडीचं दुसरं वर्ष. सॅलन लिगंडचं (लिगंड म्हणजे धातूला धरून ठेवणारा रेणू) कॉपर कॉम्प्लेक्स, म्हणजे तांबं आणि लिगंड मिळून झालेलं संयुग, केलं. ते १ मोल टक्का (अल्कोहोलच्या शंभर रेणूंमागे एक) घेऊन टर्शरी ब्युटाइल हायड्रोपेरॉक्साइडने (पुढे टीबीएचपी) बेंझिल अल्कोहोलचं बेंझाल्डिहाइड केलं. ७० °से.ला ८ तासांत ९२ टक्के आलं. उत्प्रेरकाशिवायही एकदा करून पाहिलं. पेपर पाठवला, तर परीक्षकाने एवढंच विचारून परत केला की काम करतंय ते कॉम्प्लेक्सच आहे याचा पुरावा काय? आता प्रयोगशाळेत काय करावं, आणि या विषयात पुढे करिअर होईल का?

परीक्षकाचा प्रश्न बरोबर आहे, आणि या विषयातला हाच मुख्य प्रश्न आहे. सोलापूरकराला तो समजावून सांगायला लांब जावं लागत नाही. टॉवेल हायड्रोजन पेरॉक्साइडने ब्लीच करताना कापडावर गंजाचा बारीक कण राहिला, तर नेमक्या त्याच जागी भोक पडतं. लोखंड पेरॉक्साइडचं विघटन भराभर घडवतं आणि त्यातून निघणारे रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन असलेले अतिक्रियाशील कण) सूत खातात. म्हणून ब्लीचिंगच्या बाथमध्ये सोडियम सिलिकेट आणि धातू बांधून ठेवणारा सिक्वेस्टरिंग एजंट टाकतात. त्या बाथमध्ये लोखंड कुणी उत्प्रेरक म्हणून मोजून टाकलेलं नसतं, तरी ते आपलं काम करून जातं. तुमच्या फ्लास्कमध्येही पेरॉक्साइडच आहे. तिथे धातू किती रूपांत हजर आहे आणि त्यातलं कोणतं रूप काम करतंय, हे शोधायचं आहे.

मोठमोठ्या प्रयोगशाळाही इथे फसल्या आहेत. २००३ साली लेडबीटर यांच्या गटाने कोणत्याही संक्रमण धातूशिवाय सुझुकी अभिक्रिया (दोन कार्बन जोडणारी, एरवी पॅलेडियम लागणारी) होते असं प्रसिद्ध केलं. २००५ मध्ये त्याच गटाने फेरतपासणी केली, तेव्हा बाजारातून आणलेल्या सोडियम कार्बोनेटमध्येच अब्जात ५० भागांपर्यंत पॅलेडियम होतं आणि तेवढं पुरत होतं असं दिसलं. त्यांनी ते स्वतः छापलं, हे मला फार मोलाचं वाटतं. २००९ मध्ये बुकवाल्ड आणि बोल्म यांनी दाखवलं की फेरिक क्लोराइडच्या नावावर जमा झालेल्या काही कपलिंग (दोन रेणू जोडणाऱ्या) अभिक्रियांत खरं काम त्यातल्या तांब्याच्या अंशाचं होतं. २०१९ मध्ये मॉस्कोच्या अनानिकोव्ह यांच्या गटाने मॅग्नेटिक स्टर बारच्या टेफ्लॉनवरच्या ओरखड्यांत आधीच्या अभिक्रियांचे धातू अडकून राहतात आणि पुढच्या प्रयोगात काम करतात हे उघड केलं. म्हणून तुम्ही आधी नवे स्टर बार घ्या आणि ते याच कामासाठी वेगळे ठेवा.

आता ब्लँक, म्हणजे तुलनेसाठी एखादा घटक वगळून किंवा बदलून केलेले प्रयोग. तुमच्या माहितीत बिनउत्प्रेरकाचा एक ब्लँक दिसतो, तो पुरत नाही. प्रत्येक प्रयोगात बेंझिल अल्कोहोल १ मिमोल (१०८ मिग्रॅ), ७० टक्के जलीय टीबीएचपी २ मिमोल (सुमारे ०.२७५ मिलि), एकूण द्रावक ५ मिलि आणि तापमान ७० °से. हे सगळं तसंच ठेवायचं, आणि फक्त उत्प्रेरकाची जागा बदलायची. एकात काहीच नाही. एकात नुसता लिगंड, २.७ मिग्रॅ. एकात कॉपर अ‍ॅसिटेट मोनोहायड्रेट, २.० मिग्रॅ. एकात कॉपर अ‍ॅसिटेट आणि लिगंड वेगवेगळे, फ्लास्कमध्येच एकत्र केलेले. एकात कॉम्प्लेक्स आहे पण टीबीएचपी नाही, हवा उघडी. एकात कॉम्प्लेक्स आणि टीबीएचपी, पण नायट्रोजनखाली. शेवटचा ब्लँक लोक हमखास गाळतात, आणि मग हवेतल्या ऑक्सिजनचा वाटा टीबीएचपीच्या नावावर जमा होतो.

प्रत्येक प्रयोग तीनदा करा आणि फक्त आठव्या तासाचं सॅम्पल घेऊ नका. अर्धा तास, १, २, ४ आणि ८ तास अशी पाच सॅम्पलं घ्या. आठ तासांनी सगळेच स्पर्धक शर्यत संपवून बसलेले असतात. कोण वेगाने पळालं ते पहिल्या तासातच दिसतं.

१ मोल टक्का म्हणजे तुमचं कॉम्प्लेक्स ३.३ मिग्रॅ. चार दशांशांच्या तराजूवर शेवटचा आकडा एकाने हलला तरी ३ टक्क्यांची चूक होते. त्यात उन्हाळ्यात इथल्या कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे पावडर स्पॅच्युलावरून उडते, वजन स्थिरच होत नाही. म्हणून १६.५ मिग्रॅ कॉम्प्लेक्स डायमिथाइल फॉर्ममाइडमध्ये किंचित गरम करून पूर्ण विरघळवा, थंड झाल्यावर १० मिलिच्या स्टँडर्ड फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरा आणि दर वेळी २ मिलि घ्या. त्यात ०.०१ मिमोल येतं. वर ३ मिलि अ‍ॅसिटोनायट्राइल. एक काळजी घ्या: हे २ मिलि डायमिथाइल फॉर्ममाइड प्रत्येक ब्लँकमध्येही गेलंच पाहिजे, नाहीतर द्रावकच बदलला आणि तुलना मोडली.

निकाल कसे वाचायचे? समजा बिनधातूच्या ब्लँकमध्ये १ तासाला १२ टक्के झालं आणि कॉम्प्लेक्सने ४० टक्के. तर कॉम्प्लेक्सच्या नावावर फक्त २८ टक्के येतात; ०.०१ मिमोल उत्प्रेरकाने तासात ०.२८ मिमोल, म्हणजे टर्नओव्हर फ्रीक्वेन्सी (उत्प्रेरकाचा एक रेणू तासात किती रेणू बदलतो) २८ प्रति तास. ९२ ला १ ने भागून ९२ टर्नओव्हर लिहिणं चूक. समजा कॉपर अ‍ॅसिटेटने ३८ टक्के दिले. मग या परिस्थितीत लिगंड काहीच करत नाही, आणि ते तसं लिहायला घाबरू नका. फक्त तिथे थांबू नका. उत्प्रेरक ०.१ आणि ०.०५ मोल टक्क्यांवर आणून तीच तुलना पुन्हा करा. कमी प्रमाणावर नुसता क्षार लवकर निकामी होतो आणि कॉम्प्लेक्स टिकतं असं दिसलं, तर लिगंडचं काम सापडलं: तो वेग वाढवत नाही, आयुष्य वाढवतो. किंवा क्षाराने जास्त बेंझोइक अ‍ॅसिड होतं आणि कॉम्प्लेक्सने कमी, तर लिगंड निवडकता देतो. दोन्ही छापण्यासारखे निकाल आहेत.

पण या सगळ्या तुलनेला अर्थ तेव्हाच, जेव्हा बाटलीतल्या कॉम्प्लेक्समध्ये सुटं कॉपर अ‍ॅसिटेट अजिबात नाही. त्यामुळे थोडं मागे, अगदी लिगंडपर्यंत जाऊ.

सॅलनसाठी सॅलिसिलाल्डिहाइड २० मिमोल (२.४४ ग्रॅम) २५ मिलि इथेनॉलमध्ये ५०-६० °से.ला गरम करा. इथिलीनडायअमाइन १० मिमोल (०.६० ग्रॅम, सुमारे ०.६७ मिलि) ५ मिलि इथेनॉलमध्ये मिसळून दहा मिनिटांत थेंब थेंब सोडा. पिवळा रंग लगेच येतो. अर्धा तास रिफ्लक्स, मग थंड करून गाळा, थंड इथेनॉलने धुवा, इथेनॉलमधूनच पुन्हा स्फटिक करा. चकचकीत पिवळे पापुद्रे, मेल्टिंग पॉइंट १२६-१२८ °से.च्या आसपास आणि तोही एका-दोन अंशांच्या आत. २.४ ग्रॅम मिळालं तर ९० टक्के. इथे बिघडतं ते बहुतेक वेळा अमाइनमुळे. इथिलीनडायअमाइन आपल्या सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतच टनावारी तयार होतं, पण प्रयोगशाळेतली बाटली वर्षभर उघडझाप झालेली असते. ते हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. बाटलीच्या तोंडाशी पांढरी खरवड दिसली, तर समजा की मिलिलिटर बरोबर असूनही मिमोल कमी पडणार. उलट अमाइन जास्त पडलं तर ते पुढे तांब्याला स्वतःच धरतं आणि जांभळट-निळं कॉम्प्लेक्स सोबत येतं. सॅलिसिलाल्डिहाइड तपकिरी झालं असेल तर कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन केल्याशिवाय वापरू नका.

सीडीसीएल-थ्री (ड्युटेरियमयुक्त क्लोरोफॉर्म) द्रावकात प्रोटॉन एनएमआर काढा: १३.२ च्या आसपास फिनॉलचा, ८.३-८.४ ला इमाइनचा, ३.९ ला इथिलीनचा सिग्नल, प्रमाण २:२:४. ९.९ जवळ बारीकशी टोची दिसली तर अल्डिहाइड शिल्लक आहे.

कॉम्प्लेक्ससाठी लिगंड ५ मिमोल (१.३४ ग्रॅम) ४० मिलि गरम इथेनॉलमध्ये, कॉपर अ‍ॅसिटेट मोनोहायड्रेट ५ मिमोल (१.०० ग्रॅम) गरम मिथेनॉलमध्ये, हळूहळू एकत्र, एक तास रिफ्लक्स. गडद हिरवट स्फटिक बसतात. गाळल्यावर आधी पाण्याने धुवायचं, मग मिथेनॉलने, आणि धुवण रंगहीन होईपर्यंत थांबायचं नाही. पाण्याची धुलाई अनेकजण वाळवायचा कंटाळा म्हणून टाळतात, पण सुटं कॉपर अ‍ॅसिटेट जातं ते पाण्यातच. तपासायला २० मिग्रॅ कॉम्प्लेक्स २ मिलि पाण्यात हलवा, गाळा, गाळलेल्या पाण्यात पोटॅशियम फेरोसायनाइडचा थेंब टाका. तपकिरी-लालसर झाक आली तर पुन्हा धुवा. आयआरमध्ये (अवरक्त स्पेक्ट्रममध्ये) १५६० आणि १४२० सेमी⁻¹ जवळ अ‍ॅसिटेटची जोडी दिसते का तेही बघा, मात्र या भागात लिगंडचे बँडही येतात, म्हणून मोकळ्या लिगंडचा स्पेक्ट्रम शेजारी ठेवूनच ठरवा. ६० °से.ला व्हॅक्यूमखाली वाळवा. सैद्धांतिक १.६५ ग्रॅम.

आता ओळख पटवण्याचं काम. आयआरमध्ये इमाइनचा बँड १६३५ वरून १६००-१६२५ सेमी⁻¹ कडे उतरतो आणि २५०० ते ३००० मधला हायड्रोजन बंधातल्या फिनॉलचा पसरट बँड जातो. हे चांगलं लक्षण आहे, पुरावा नाही. ४०० ते ६०० मधल्या प्रत्येक टेकडीला धातू-नायट्रोजन, धातू-ऑक्सिजन अशी नावं देण्याची जी पद्धत पडली आहे, ती सोडा. लिगंडचे स्वतःचे बँड तिथे भरपूर असतात आणि जाणता परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतो. खरा आधार मूलद्रव्य विश्लेषणाचा. तुमच्या कॉम्प्लेक्ससाठी कार्बन ५८.२६, हायड्रोजन ४.२८, नायट्रोजन ८.४९ टक्के यायला हवा, फरक ०.४ च्या आत. एक पाण्याचा रेणू सोबत असेल तर कार्बन ५५.२४ वर येतो, तब्बल तीन टक्के खाली. म्हणून आकडा बसला नाही की सूत्राला ‘अर्धं पाणी’, ‘दीड पाणी’ चिकटवून तो बसवायचा नाही. पाणी आहे असं म्हणायचं असेल, तर टीजीएमध्ये (तापवत वजन मोजण्याच्या चाचणीत) तेवढंच वजन घटलेलं दिसलं पाहिजे.

कॉपर-दोन पॅरामॅग्नेटिक (एकटा इलेक्ट्रॉन असलेलं), त्यामुळे त्याच्या प्रोटॉन एनएमआरमधून रचना वाचता येत नाही. त्यासाठी ईपीआर (एकट्या इलेक्ट्रॉनचा स्पेक्ट्रम) आणि चुंबकीय आघूर्ण (१.८ ते २.० बोर मॅग्नेटॉनच्या आसपास) घ्या. एक चांगली सोय अशी की त्याच लिगंडचं निकेल कॉम्प्लेक्स करून ठेवा. ते चौरस-समतल आणि डायमॅग्नेटिक असतं, एनएमआर स्वच्छ मिळतो आणि लिगंड धातूला कसा धरतो याचं चित्र उभं राहतं. यूव्ही-व्हिजिबलमध्ये दोन तीव्रतेची द्रावणं लागतात: चार्ज ट्रान्सफरसाठी १०⁻⁵ मोलर, आणि ५६०-५७० नॅनोमीटरच्या कमकुवत डी-डी बँडसाठी १०⁻³ मोलर. पातळ द्रावणातच बघून ‘डी-डी बँड दिसत नाही’ असं लिहिणारे प्रबंध पुष्कळ आहेत. चालकताही १०⁻³ मोलरवरच मोजा. डायमिथाइल फॉर्ममाइडमध्ये ६५ ते ९० म्हणजे १:१ विद्युतअपघट्य, असं १९७१ च्या गिअरी यांच्या आढाव्यात आहे. तुमचं उदासीन कॉम्प्लेक्स त्याच्या बरंच खाली असायला हवं. वर गेलं तर पुन्हा सुट्या क्षाराचा संशय घ्या.

मग मोजमाप. ९२ टक्के हा आकडा गॅस क्रोमॅटोग्राफीच्या क्षेत्रफळावरून थेट घेतलेला दिसतो. तसा घेतला की तीन गोष्टी लपतात. बेंझिल अल्कोहोल आणि बेंझाल्डिहाइड यांना डिटेक्टर सारखा प्रतिसाद देत नाही. बेंझोइक अ‍ॅसिड साध्या कॉलमवर नीट येतच नाही, आणि जे दिसत नाही ते टक्केवारीत धरलंच जात नाही. शिवाय बेंझाल्डिहाइड उघड्या व्हायलमध्ये हवेने आपोआप बेंझोइक अ‍ॅसिड होतं, म्हणजे सोमवारचं सॅम्पल शुक्रवारी चालवलं तर निवडकता बदललेली असते. उपाय: सुरुवातीलाच ०.५ मिमोल डोडेकेन (८५ मिग्रॅ) इंटर्नल स्टँडर्ड म्हणून घाला, शुद्ध पदार्थांची पाच वेगवेगळ्या प्रमाणांची कॅलिब्रेशन रेषा काढा, बेंझोइक अ‍ॅसिड वेगळं एस्टर करून किंवा एचपीएलसीने मोजा. शेवटी उरलेलं अल्कोहोल, अल्डिहाइड, अ‍ॅसिड यांची बेरीज मांडा. ती ९५ टक्क्यांच्या वर नसेल तर काहीतरी सुटतंय. गॅस क्रोमॅटोग्राफी हाताशी नसेल तर एनएमआरही चालतो: १,३,५-ट्रायमिथॉक्सीबेंझीन स्टँडर्ड, ६.१ चा सिग्नल एका बाजूला, १०.० चा अल्डिहाइड आणि ४.७ चा अल्कोहोल दुसऱ्या बाजूला. मात्र दोन स्पंदांमधला वेळ १० सेकंदांच्या वर ठेवा, आणि सॅम्पल आधी सिलिकाच्या छोट्या थराने गाळून तांबं काढा, नाहीतर सगळे सिग्नल फुगतात.

टीबीएचपी किती उरलं तेही आयोडोमेट्रीने मोजा. फ्लास्कमधून बुडबुडे येत असतील तर ऑक्सिडंट अल्कोहोलवर खर्च न होता नुसता ऑक्सिजन सोडतोय. त्याच कारणाने फ्लास्क घट्ट सेप्टमने कधीही बंद करू नका. काम संपल्यावर रोटाव्हेपरवर (द्रावक उडवण्याच्या यंत्रावर) लावण्याआधी सोडियम सल्फाइटने पेरॉक्साइड पूर्ण मारा आणि स्टार्च-आयोडाइड कागद निळा होत नाही याची खात्री करा. पेरॉक्साइडची भांडी अ‍ॅसिटोनने विसळायची नाहीत, विशेषतः आम्ल असताना तर नाहीच. त्यातून स्फोटक पेरॉक्साइड तयार होतं.

आता परीक्षकाच्या प्रश्नाचा गाभा: कॉम्प्लेक्स आठ तास शाबूत राहतं का? तुमच्या ७० टक्के टीबीएचपीतला उरलेला भाग पाणी आहे. पाणी, उष्णता आणि सुटलेलं आम्ल मिळून इमाइन बंध तोडू शकतात. तुटला तर सॅलिसिलाल्डिहाइड सुटं होतं, आणि तेच शोधायचं. टीएलसीवर शुद्ध सॅलिसिलाल्डिहाइड शेजारी लावा आणि फेरिक क्लोराइडचा फवारा मारा, जांभळा डाग येतो. जीसी-एमएसमध्ये मात्र सावध राहा: सॅलिसिलाल्डिहाइड आणि बेंझोइक अ‍ॅसिड यांचं रेणुसूत्र एकच, दोघांचाही आयन १२२ ला. बेंझोइक अ‍ॅसिड १०५ आणि ७७ ला तुटतं, सॅलिसिलाल्डिहाइड १२१ ला ठळक शिखर देतं. एवढं न पाहता लायब्ररीने सुचवलेलं नाव उतरवलं तर निष्कर्ष उलटा होतो.

दुसरी चाचणी यूव्हीची. टीबीएचपी घालण्याआधी, घातल्यावर १०, ३०, ६० मिनिटांनी त्याच द्रावणाचे स्पेक्ट्रा एकावर एक ठेवा. चार्ज ट्रान्सफरचा बँड विरत गेला आणि अभिक्रिया मात्र त्याच वेगाने चालू राहिली, तर काम करणारा कुणी वेगळा आहे. तिसरी, आठ तासांनंतर त्याच फ्लास्कमध्ये पुन्हा १ मिमोल अल्कोहोल आणि २ मिमोल टीबीएचपी घालून पहिल्या तासाचा वेग मोजा, आणि हेच कॉपर अ‍ॅसिटेटच्या फ्लास्कलाही करा. रूपांतर-वेळ आलेख सुरुवातीला सपाट आणि नंतर एकदम चढणारा असेल, तर कॉम्प्लेक्स आधी दुसऱ्या कशात तरी बदलतंय आणि मग काम सुरू होतंय.

पाऱ्याची चाचणी करा असं कुणीतरी सांगेलच. ती शून्य अवस्थेतल्या धातूच्या कणांसाठी असते, म्हणजे पॅलेडियमचं कपलिंग, हायड्रोजनीकरण वगैरे. पेरॉक्साइडने भरलेल्या फ्लास्कमध्ये धातूचं तांबं टिकणारच नाही, तिथे पारा टाकून काही कळत नाही, उलट पाऱ्याचा कचरा सांभाळत बसावं लागतं. टेम्पो किंवा बीएचटी हे रॅडिकल पकडणारे पदार्थ घालून रॅडिकल तपासणं मात्र इथे उपयोगी आहे.

पुढच्या टप्प्यात गाइड बहुधा म्हणतील की कॉम्प्लेक्स सिलिकावर बांधू आणि पाच-सहा वेळा पुन्हा वापरून दाखवू. करा, पण दर वेळी ९८-९७-९७ टक्के असा तक्ता काहीच सिद्ध करत नाही. अभिक्रिया ३ तासांत पूर्ण होत असेल आणि तुम्ही ८ तास चालवत असाल, तर निम्मा उत्प्रेरक वाहून गेला तरी आकडा तोच येईल. पुनर्वापर ४०-५० टक्के रूपांतरावर थांबवून तपासा. गाळायचं तेही ७० °से.लाच, थंड करून गाळलं तर सुटलेला धातू परत सिलिकावर चिकटतो आणि गळती दिसत नाही. गाळलेलं द्रावण पुढे तापवत ठेवून अभिक्रिया चालू राहते का बघा, आणि आयसीपीने (धातूचे सूक्ष्म अंश मोजणाऱ्या यंत्राने) त्यातलं तांबं मोजा.

सोलापुरात काम करताना काही गोष्टी हवामान ठरवतं. ‘रूम टेंपरेचर’ हा शब्द वहीत लिहू नका. मे महिन्यात इथली प्रयोगशाळा ४० °से.च्या आसपास जाते, डिसेंबरच्या सकाळी २० च्या खाली असते. दहा अंशांना वेग साधारण दुप्पट धरला तरी एकच प्रयोग दोन ऋतूंत चौपट वेगळा चालेल. थर्मामीटर तेलात नाही, फ्लास्कच्या आत ठेवा आणि तो आकडा लिहा. डायइथाइल इथर ३४.६ °से.ला उकळतं, त्यामुळे उन्हाळ्यात इथर वापरून स्फटिक वाढवायला ठेवलं की रात्रीत पावडर मिळते. तेव्हा डायमिथाइल फॉर्ममाइडच्या द्रावणावर मिथेनॉलची किंवा इथाइल अ‍ॅसिटेटची वाफ चढू द्या, आठ-दहा दिवस हलवू नका. इथरची बाटली घरगुती फ्रिजमध्ये ठेवू नका; थर्मोस्टॅटच्या ठिणगीने आग लागते. रिफ्लक्सला नळावर विसंबू नका. वीस लिटरची बादली, कूलरचा पंप आणि पाणी गोठवलेल्या दोन-तीन बाटल्या दिवसभर पुरतात. पंप आणि हीटिंग मेंटल एकाच बोर्डवर लावा, म्हणजे वीज गेली तर दोन्ही बंद आणि आली तर दोन्ही चालू.

यंत्रांसाठी अडून राहायचं कारण नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आणि मुंबईला आयआयटीत सामायिक उपकरण केंद्रं आहेत, आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली उपकरणं शोधता येतात. सॅम्पल पाठवताना पूर्ण वाळवलेलं पाठवा, सोबत अपेक्षित सूत्र, विद्राव्यता आणि धातू कोणता ते लिहा. पावसाळ्यात पाठवलेली पावडर प्रवासात पाणी शोषते आणि कार्बनचा आकडा खाली येतो, तेव्हा व्हायलला पॅराफिल्म लावून ती सिलिका जेलच्या पिशवीसोबत दुहेरी पाकिटात घाला.

करिअरचं विचारलंत. या क्षेत्रात खूप लोक पन्नास नवी कॉम्प्लेक्स करतात, प्रत्येकाचा आयआर छापतात आणि शेवटी जिवाणूरोधक चाचणीचं एक प्रकरण जोडतात. त्यात कष्ट असतात, पण प्रश्न नसतो. माझं मत असं की तुम्ही चारच कॉम्प्लेक्स करा आणि त्यांना एक प्रश्न विचारा. सॅलिसिलाल्डिहाइडच्या ५ क्रमांकावर, म्हणजे फिनॉलच्या पॅरा जागी, नायट्रो, क्लोरो, हायड्रोजन आणि मिथॉक्सी ठेवा. हॅमेट स्थिरांक (तो गट इलेक्ट्रॉन किती ओढतो किंवा देतो याचा आकडा) अनुक्रमे ०.७८, ०.२३, ० आणि वजा ०.२७. सुरुवातीच्या वेगाचा लॉग या आकड्यांसमोर मांडा. सरळ रेषा आली, तर लिगंडची इलेक्ट्रॉन देण्याची ताकद वेग ठरवते आणि तांबं त्याच्या लिगंडसकट काम करतंय याचा फार जोरदार आधार मिळतो. लिगंड सुटून गेला असता तर चौघांचा वेग एकच आला असता. अडचण येईल ती नायट्रोची. ते कमी विरघळतं, आणि कमी विद्राव्यतेला आपण कमी क्रियाशीलता समजून बसतो. द्रावण स्वच्छ आहे याची खात्री करून, गरज पडल्यास चारही कॉम्प्लेक्स निम्म्या तीव्रतेवर आणून मोजा. या विषयाची वाढही याच वाटेने झाली आहे: फायफर यांनी सॅलन प्रकारची कॉम्प्लेक्स १९३३ मध्ये केली, आणि १९९० मध्ये जेकबसन यांच्या गटाने त्याच चौकटीवर किरल डायअमाइन आणि जागा अडवणारे मोठे गट बसवून मँगेनीजने असममित इपॉक्सिडेशन केलं.

नोकरीसाठी नेट-जेआरएफ (सध्या महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफला ४२,०००), प्राध्यापकीसाठी सेट, शिवाय गेट हे मार्ग आहेतच. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप पात्रतेप्रमाणे बघा. उद्योगाकडे मात्र आतापासून डोळा ठेवा. चिंचोळीतल्या औषधी रसायनांच्या कारखान्यात मुलाखत घेणाऱ्याला तुमच्या कॉम्प्लेक्सचा रंग नको असतो, त्याला धातू उत्पादनातून कसा काढता हे हवं असतं. आयसीएच क्यू-थ्री-डी या औषधांतल्या धातूंच्या अंशांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे तोंडावाटे घ्यायच्या औषधात पॅलेडियमची मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम, तांब्याची ३,००० मायक्रोग्रॅम आहे. तुमच्या बेंझाल्डिहाइडमध्ये काम संपल्यावर किती तांबं उरलं, एकदा ईडीटीएच्या पाण्याने धुतल्यावर किती, हे आयसीपीचे दोन आकडे प्रबंधात असतील तर त्या मुलाखतीत सांगण्यासारखं तुमच्याकडे काही असेल.

परीक्षकाला उत्तर देण्याची घाई करू नका. संपादकाला पत्र लिहून तीन महिन्यांची मुदत मागा. पहिला महिना नव्या स्टर बारवरचे ब्लँक आणि कॅलिब्रेशन, दुसरा यूव्ही, सॅलिसिलाल्डिहाइडचा शोध आणि दुसऱ्यांदा घातलेल्या अल्कोहोलचा वेग, तिसरा चार लिगंडची तुलना. ९२ हा आकडा मोजमाप सुधारल्यावर ७८ झाला तर ७८ लिहा आणि आधीचा आकडा का बदलला तेही एका वाक्यात लिहा. आणि सुधारित पेपरच्या मुख्य तक्त्यात ब्लँकच्या ओळी पुरवणीत न ढकलता सगळ्यात वर ठेवा, कॉम्प्लेक्सची ओळ त्यांच्याखाली.